तिसऱ्या वळणावरचा रोलर

धरमपेठेत, पहिल्या माळ्यावर,
जिथे आधी झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान होतं,
तिथे आता पट्ट्यावरून जेवण फिरतं.
बाबांना घेऊन आले. निमित्त काही नव्हतं,
मंगळवार होता, आणि ऊन जरा उतरलं होतं.

बाबा पट्ट्याकडे तोंड करून बसले नाहीत,
कान करून बसले.
चौतीस वर्षं कोराडीला, कोळशाच्या खात्यात,
तिन्ही पाळ्यांत पट्ट्याशेजारून चाललेला माणूस.
"वाजून राहिला," म्हणाले.
"कोण?"
"रोलर. तिकडे, तिसऱ्या वळणावर. बेअरिंग गेलं त्याचं."
मला ऐकू येत होती फक्त कुठलीशी बासरी
आणि शेजारच्या टेबलावरचं
फ्लॅटच्या हप्त्यांवरून चाललेलं भांडण.

प्लेटा येत होत्या.
निळी ऐंशीची, पिवळी एकशेचाळीसची,
काळीचा भाव मी त्यांना सांगितला नाही.
त्यांनी एक घास उचलला, बोटांत दाबून पाहिला.
"गिच्च झाला भात."
"असाच करतात, बाबा."
"मुद्दाम?"
वाढायला आलेला पोरगा हसला.
छातीवर नाव, लोमेश बिसेन,
कपाळावर त्यालाही न वाचता येणारी अक्षरं.
"काका, आमच्या आमगावले असा भात झाला
तर माय दिवसभर बोलत नाही कोणाशी."

हिरवं थोडंसंच घ्या, म्हणेपर्यंत
बाबांनी बोटभर घेतलं होतं.
डोळे मिटले. उघडले. नाक पुसलं.
"सावजीचं मागून येते," म्हणाले,
"हे वरून येते."

मग त्यांचा हात टेबलाखाली गेला
आणि काही तरी चाचपत राहिला.
"काय पडलं?"
"दोरी कुठी आहे पाहून राहिलो."

पट्ट्याच्या कडेनं, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
कमरेच्या उंचीवर एक दोरी असायची.
कोणी अडकलं, तर जो जवळ असेल त्यानं ओढायची.
उकेकाका आमच्या घरी पत्ते खेळायला यायचे,
डाव्या हातानंच पिसायचे,
उजवी बाही कायम खिशात.
आम्हा पोरांना ती ऐट वाटायची, आरशासमोर नक्कल करायचो.
त्या रात्री दोरी कोणी ओढली,
किती वेळानं ओढली,
हा विषय आमच्या घरात कधी निघाला नाही.
"इथं नसते, बाबा," मी म्हटलं.
हात वर आला, पण लगेच नाही.

काकडीची एक प्लेट पाचव्यांदा समोरून गेली.
कोणी घेत नव्हतं.
बाबा तिची वाट बघू लागले,
घ्यायची म्हणून, की मोजायची म्हणून, कोण जाणे.
ती वळणावर आली आणि लाईट गेली.

बासरी बंद. पट्टा बंद. एसीचा घोगरा श्वास बंद.
हप्त्यांचं भांडण अर्ध्या आकड्यावर थांबलं.
थांबलेल्या पट्ट्यावरचं उचलावं की नाही,
हे कोणालाच माहीत नव्हतं.
अंधारात बाबांचा आवाज, पाळी सोपवतानाचा:
"लाईन ट्रिप झाली असंल. युनिट नाही. बसा निवांत."
आणि सगळे, अनोळखी लोक, खरंच निवांत बसले.

मोबाईलच्या उजेडात पलीकडच्या टेबलावरच्या
भांडणाऱ्या बाईनं हात लांब केला,
काकडीची प्लेट उचलली,
आणि न विचारता बाबांपुढे ठेवली.
"मघापासून पाहून राहिली मी, काका.
तुमची नजर तिच्यावरच होती."
बाबांनी एक तुकडा तिला दिला, एक मला.

जनरेटर धडधडला. पट्टा हिसका देऊन निघाला.
आता मलाही ऐकू आलं:
दूरवर, दर चार सेकंदांनी,
बारीक, कोरडं, कण्हल्यासारखं काही.

बिल झालं. लोमेशनं प्लेटा मोजल्या, रंगांप्रमाणे रचल्या.
बाबांनी त्याला वळणापर्यंत नेलं,
त्याचा तळवा पत्र्यावर टेकवला.
"लागते का हाताला?"
"हो काका. थरथरते."
"शेठले सांगतो," तो म्हणाला.
"शेठले नको," बाबा म्हणाले, "मेकॅनिकले सांग.
अन् पट्टा चालू असताना
कोणाले आत हात घालू देऊ नको."