उगवतीची भिंत

मोजमाप पुस्तिकेच्या सत्तेचाळिसाव्या पानावर
माझ्याच अक्षरात आहे:
समाजमंदिर, सड्यावरचा धनगरवाडा, तालुका पाटण.
जोतं पूर्ण. खांब अकरा. कौलं पूर्ण.
उगवतीची भिंत बाकी.
कारण:
आणि पुढचा रकाना मी तीन वर्षं कोरा ठेवला.

अंदाजपत्रकात सिमेंट होतं, निळा पत्रा होता,
चारी बाजूंनी बंद, दाखल्यावरच्या शिक्क्यासारखी चौकोनी खोली.
तो कागद घेऊन पहिल्यांदा वर चढलो तेव्हा
सगुणाबाई झोरे एवढंच म्हणाल्या,
"आखाडात हितं वारा कुठनं येतोय, ठावं हाय का?"
मला दिशा ठाऊक होत्या.
त्यांनी पलीकडच्या पठाराकडं हनुवटी केली.
"त्या पवनचक्कीवाल्यांनीबी आदी वरीसभर
निस्ता वारा मोजला हुता."

मग आम्हीही मोजला.
झड मावळतीची, म्हणून त्या अंगाला छप्पर
गुडघ्यापर्यंत खाली ओढलं,
थंडीत कानांवर मुंडासं ओढावं तसं.
जांभा पडक्या बांधांमधला, नवी खाण उघडली नाही.
खांब ऐनाचे, वादळात पडलेले.
चुन्यात गूळ आणि हिरडा,
घाणीला बिरू कोकऱ्याचे दोन रेडे,
त्यातला एक सारखा मधेच थांबून विचार करणारा.
सोपाना पाथरवट नखावर चुना घेऊन जिभेला लावी
आणि थुंके: "कच्चा."
अशी चाचणी माझ्या दरसूचीत नव्हती.

उरली भिंत. कारवीच्या कुडाची.
कोयते निघाले, आणि सगुणाबाईंनी हात आडवा घातला.
"औंदा न्हाई. कवळी हाय. कवळ्या काडीला भुंगा लागतोय.
फुलू दे. बी पडू दे. आपसूक मरंल, मग तोडा."
"कधी फुलेल?"
त्यांनी नातवाला जवळ ओढून त्याचे दात बघितले.
"ह्यो झाला तवा फुललीवती.
आनि तीन पावसाळं धरा."

खाली मार्चअखेर माझ्या मानेवर बसलेला.
साहेबांना काय सांगू,
भिंत अजून उमलायची आहे?

तर उघडीच राहिली ती बाजू.
सभा भरे आणि दरी आत येऊन बसे.
धुकं असं दाटे की सरपंच कुणावर ओरडतायत
हे ज्याच्यावर ओरडत त्यालाही कळत नसे.
शेळ्या इतिवृत्तावरून चालत गेल्या, दोन ठराव खुरांनी मंजूर.
आणि बायका, आजवर भिंतीआड उभ्या राहून ऐकणाऱ्या,
त्यांना आड उभं राहायला भिंतच नव्हती.
पहिल्या दिवाळीपर्यंत त्या खांबांना टेकून बसू लागल्या.
दुसऱ्या उन्हाळ्यात झऱ्याच्या पाळीवरून
थोरल्या ढेब्यांना गप्प बसवलं ते त्यांनीच.

फुलली त्या भाद्रपदात
मी घाटातच मोटारसायकल बंद केली.
आधी वाटलं, पवनचक्क्या घुमतायत.
पण वारा पडलेला होता.
माश्या होत्या.
अख्खा जांभळा उतार एका आवाजात काम करत होता.

माघात काड्या तोडल्या. कडकडीत, हलक्या, सरळ.
बायकांनी कुड विणला, शेणमातीनं लिंपला,
कमरेएवढा झाला
आणि हात धुतले.
मी टेप लावला: नऊशे मिलिमीटर. नकाशात एकवीसशे.
"अजून वर न्यायचाय," मी म्हणालो.
सगुणाबाई जोत्यावर टेकल्या, मलाही बसा म्हणाल्या.
बसलो.
कुडाच्या वरून समोर
कोयनेचं पाणी, त्यापलीकडं डोंगर, त्यापलीकडं आणखी एक.
"उरल्याल्या काड्या अंगनवाडीला घ्या," त्या म्हणाल्या.

त्या रात्री रकाना भरला.
कारण: बसलेल्या माणसाला दरी दिसावी.

लेखापरीक्षकानं शेजारी लाल शाईनं
प्रश्नचिन्ह काढलंय.
माझी बदली झाली जतला, पत्र मागोमाग आलं.
उत्तर द्यायचं अजून राहिलंय.