दिसत नाही म्हणजे किती

रात्री अडीचला फ्रिज बोलला.
तीनदा टिंग, मग दारावर लाल अक्षरं:
ई-सत्तावीस.
उठून चष्मा लावून पाहिलं तरी ई-सत्तावीसच.

पुस्तकात पान शेहेचाळीस:
‘टाकीत पाणी नाही. टाकी भरावी.’
टाकी काढून दिव्याखाली धरली.
गळ्यापर्यंत भरलेली. साडेतीन लिटर,
काल संध्याकाळी मीच भरली, बोअरच्या पाण्यानं,
कारण नळाला परवापास्नं नुसती हवा येतीय.

पुन्हा बसवली. ‘खट् आवाज येईपर्यंत दाबावी’, दाबली.
‘वायर काढून दहा मिनिटं थांबावं’, थांबलो,
खुर्ची ओढून, अंधारात, फ्रिजसमोर,
सीपीआरच्या बाकड्यावर बसतात तसा.
मग टिंग, टिंग, टिंग.
टाकीत पाणी नाही.

एकतीस वर्षं मी पाण्याची उंची वाचली.
कसबा बावड्यात, राजाराम बंधाऱ्यावर,
पांढऱ्या पट्टीवरचे काळे आकडे.
पाणी चढायला लागलं की दर तासाला फोन:
फूट अमुक, इंच तमुक, कृष्णदेव नाईकनवरे बोलतोय.
एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका,
आणि गंगावेशीच्या दूधकट्ट्यापासून टेंबलाईच्या टेकडीपर्यंत
सगळं गाव माझा आकडा तोंडात घेऊन फिरायचं.
“किती झालं?” एवढंच विचारायचं.
काय, ते कुणी विचारत नसे.

त्या माणसाला साडेतीन लिटरची टाकी
खोटं पाडती?

सकाळी तस्लीम आली, शिकलगारांची,
आयटीआय करून लक्ष्मीपुरीत दुकान टाकलेली.
गाडीवरनं उतरतानाच, “मी बघतो काका, तुम्ही चहा टाका.”
आमच्याकडं पोरी ‘बघतो’च म्हणतात.
सुनेला अजून पचलेलं नाही, तिचं माहेर पुण्याचं.

टाकी उलटी केली. तळाशी, कोपऱ्यात,
बोटाच्या पेराएवढं एक पांढरं बोंडूक,
क्षार धरून भिंतीला चिकटलेलं.
“हे तरंगतंय. पोटात लोहचुंबक हाय.
वर आलं की मागच्या स्विचला कळतंय, पाणी हाय.
फ्रिजला पाणी कळत न्हाई काका.
हे वर आलं का न्हाई, तेवढंच कळतं.”
जुना टूथब्रश मागितला. लिंबू मागितलं.
लिंबू महाग झालंय, म्हणून अर्धंच वापरलं.

ती घासत होती
आणि मी बंधाऱ्यावर होतो, महापुराच्या त्या रात्री.
खालच्या पट्ट्या बुडालेल्या, वरची वाहून गेलेली.
बॅटरी मारून मारून पाहिलं:
कडबा, कुणाचं तरी दार, एक निळा ड्रम.
आकडा कुठंच नाही.
फोनवर सांगितलं, “दिसत नाही, साहेब.”
पलीकडून: “दिसत नाही म्हणजे किती?”

रजिस्टरच्या रकान्यात मी एक आडवी रेघ मारली.
एकतीस वर्षांत तेवढीच.
नंतर शेरा आला, हिरव्या शाईत:
नोंद अपूर्ण, खुलासा द्यावा.
रिटायर झालो. खुलासा राहिला.

“झालं की,” तस्लीम म्हणाली. लाल गेलं होतं.
दोनशे रुपये, आणि बोअरचं पाणी घालायचं नाही अशी तंबी.
मग घालू कुठलं, ते तिनंही सांगितलं नाही.
पहिला पेला स्वतःच भरून घेतला, उभ्यानं प्यायली,
“दात आंबले,” म्हणाली, आणि गेली.
चहा तसाच.

दुपारी कपाटातनं जुनी वही काढली.
मागच्या पानावर लिहिलं:
रात्री २.३०. ई-सत्तावीस.
पाणी होतं.
सांगणारं अडकलं होतं.
खाली सही, हुद्द्यासकट.

आता घरात कुणी नाही.
पेला फ्रिजच्या दाराशी धरतो, धार पडते,
आणि सवयीनं गुडघे वाकतात, कटकट वाजतात,
डोळा पाण्याच्या रेषेला येतो.
साडेचार बोटं.
तासाभरानं पुन्हा बघतो.