खांब क्रमांक सत्तावीस

केबल येणार, येणार म्हणता
आमच्या कुम बेदूच्या खोऱ्यात नऊदा मेंढ्या व्यायल्या.
पहिलं पत्र आलं तेव्हा माझी कुत्री पिल्लू होती,
आता दगडी कुंपण ओलांडताना
ती आधी माझ्याकडे बघते.

चॅपलच्या मागे रस्ता जरा रुंदावतो,
तिथे रेंजच्या दोन काड्या येतात.
संध्याकाळी गाड्या लागतात ओळीने,
दिवे बंद, माणसांचे चेहरे तेवढे निळे.
मेरिग पिकअपमध्ये मेंढ्यांच्या विक्रीचा फॉर्म भरतो,
त्र्याण्णव टक्क्यांवर अडकला की हॉर्न वाजवतो.
नेरिसची पोरगी मागच्या सीटवर भूगोल उतरवून घेते,
वाफ धरलेल्या काचेवर बोटानं खंड काढते.
ऑस्ट्रेलिया तिच्याकडून नेहमी फार मोठा होतो.
एलुनेदला फोन करायला कुणी नाही,
तरी ती येते थर्मास घेऊन
आणि एकेका काचेवर टकटक करते.

कंपनी आधी म्हणाली, वसंतात.
मग म्हणाली, वसंतानंतर.
मग नुसतंच, लवकर.
गेल्या फेब्रुवारीत पोरं आली पिवळी जाकिटं घालून,
सव्विसाव्या खांबापर्यंत तार ओढली
आणि उरलेलं काळं वेटोळं वर टांगून गेली,
कुणी टोपी विसरून जावं तसं.

शाळेत सभा झाली.
सगळ्यात मोठ्यानं मी बोललो:
आम्हाला माणसांत धरता की नाही?
टाळ्या पडल्या. मेरिगनं पाठ थोपटली.
नेरिसनं केकचा दुसरा तुकडा आणून दिला,
तो मी खाल्ला.

ताकास तूर लागू दिली नाही मी कुणाला.
सत्तावीस नंबरचा खांब
माझ्या कुरणात उभा राहायचा आहे.
परवानगीचा कागद ऑक्टोबरपासून
लोकरीच्या पावत्यांखाली, ड्रॉवरमध्ये,
सहीच्या जागी फुली मारलेला,
म्हणजे म्हाताऱ्याला शोधावं लागू नये.

गेथिन होबार्टला असतो.
दर रविवारी आम्ही बोलतो. बोलतो म्हणजे,
ऐकू येतंय का?
येतंय. तुला?
आता नाही. आता येतंय.
मग त्याच्या तोंडाचे चौकोन होतात,
मग लाइनला शिव्या घालतो दोघं मिळून,
तेवढं एक आमचं जुळतं.

मावन गेली तेव्हा तो आला नाही.
का, ते एकदाच विचारलं मी.
नेमकं तेव्हाच चित्र थिजलं,
ओठ अर्धवट उघडे, पापणी हलेना.
थांबलो मी. शेवटी फोन ठेवला.
घाटातून गाडी खाली आणताना लक्षात आलं,
त्याच्या पाठीमागच्या खिडकीचा पडदा
सगळा वेळ वाऱ्यानं हलत होता.

कुणाला सांगू हे?
लख्ख तार आली घरात
तर मी गप्प बसलो की मीच गप्प असेन,
आणि तो थिजला
तर तोच थिजलेला असेल.

मंगळवारी नेरिसच्या पोरीचा पेपर पोहोचला नाही.
सगळं लिहिलं होतं, म्हणाली, पाठवलंही होतं,
ते वर्तुळच फिरत राहिलं.
रडली नाही. काचेवर काही काढलंही नाही.

घरी येऊन ड्रॉवर उघडला.
पेन चालेना, किटलीच्या अंगाला धरून ऊब दिली त्याला.
सही वाकडी आली.
कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय,
सही मिळाल्यापासून बारा आठवडे.

बारा रविवार.
त्यातला एक आज गेला.
चॅपलमागे इंजिन बंद करून त्याला विचारलं,
तिकडे सोमवार उजाडला ना, थंडी आहे का रे?
बाबा, म्हणाला तो,
आणि चित्र थिजलं.
मी पडद्याकडे बघत राहिलो.