एकवीस ठिपके

बशीर तांबोळींचा उजवा हात
कॅमेऱ्यासमोर आला की
पडद्यावर त्याच्यावर ठिपके उगवतात, हिरवे,
एकवीस.
मनगटाचा एक, मग बोटागणिक चार.

कर्वे रस्त्यालगत, तिसऱ्या मजल्यावर आमची लॅब.
खाली पीएमटी ब्रेक मारते
ते मला कानांनी कळतं,
बशीरभाईंना फरशीतून.

"चहा," ते म्हणतात:
चिमूट ओठांशी, किंचित तिरपी.
मशीन म्हणतं, पक्षी. बासष्ट टक्के.
पुन्हा करा.
पक्षी. अठ्ठावन्न.
नसीमा, त्यांची नववीतली मुलगी, आमची दुभाषी,
टेबलावर डोकं टेकून हसत सुटते.

मग "एक".
भोसरीतल्या प्रेसखाली
पहिलं बोट मधल्या सांध्यापासून गेलेलं,
हे लिहायला आमच्या फॉर्मवर जागाच नव्हती.
त्यांनी उरलेलं बोट उभं केलं
आणि पडद्यावर
त्याच्या पुढे, मोकळ्या हवेत,
आणखी दोन ठिपके. मध्ये रेघ.
अख्खं बोट.

हजारो हात पाहून शिकलेलं मशीन
धरूनच चाललं होतं, असणारच म्हणून.

त्यांचे हात गप्प झाले.
हात गप्प होतात म्हणजे काय
ते मी तेव्हा पाहिलं.
मग त्यांनी बोट वाकवलं.
पडद्यावरचंही वाकलं.
डाव्या हाताने, अगदी हळू,
जिथे नख असायला हवं तिथली हवा
त्यांनी चिमटीत धरून बघितली.

काहीतरी म्हणाले. भराभर, छातीजवळ.
मी नसीमाकडे पाहिलं.
"ते तुम्हाला नव्हतं," ती म्हणाली.

नमुना क्रमांक दोनशे चौदा.
वहीत दोनच रकाने, बरोबर आणि चूक.
देवधर सर म्हणतील, काढून टाक,
असल्या एका हाताने सरासरी बिघडते.
मी पेन्सिलीने लिहिलं, खोडता येईल असं.
काय लिहिलं ते राहू दे.

साडेपाचला खाली उतरलो.
अमृततुल्यवाला पातेल्यात वाकलेला,
वाफेतून त्याने अर्धवटच वर पाहिलं.
बशीरभाईंची चिमूट ओठांशी गेली.
त्याने तीन कप ओतले,
आलं जास्त, न सांगता.

पहिला घोट घेऊन
बशीरभाई माझ्याकडे वळले,
तीच चिमूट उघडली, मिटली, चोचीसारखी,
भुवया वर:
पक्षी?