बाब

चादरींच्या कारखान्यात मी वह्या लिहिते.
तारीख, बाब, नावे, जमा.
दुसरा रकाना सगळ्यात रुंद,
त्यात सगळं मावायला लागतं:
वीस काउंटचं सूत, रंग, लूमचा पट्टा,
उंदराचं औषध, चिप्पाशेठच्या आजीचं तेरावं.

एकोणीस वर्षं लिहिलं,
शब्द कुठला, कधी विचारलं नाही.
आई तेलुगूत म्हणायची, बाबतु.
शेजारची कल्लव्वा कन्नडात, जरा दाबून, बाबत्तु.
म्हणजे सगळ्यांचाच,
चौकातल्या हापशासारखा.

मुनाफ जिल्दसाज विजापूर वेशीतून यायचा
मार्चअखेर, सायकलला बारा कोऱ्या वह्या बांधून.
पाठीला लाल कापड, बोटांना वाळलेली खळ.
एकदा त्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाला,
हे आमचंय, बाई.
म्हटलं, घेऊन जा मग. तेवढंच लिहिणं कमी.

हसला. बिडीच्या पुडक्याच्या कागदावर
उजवीकडून काढून दाखवलं:
एक होडी, खाली ठिपका. तिला चिकटून उभी काठी.
मग परत होडी, ठिपका. पण सुटी.
ही का सुटी?
"अलिफ मागच्याचा हात धरतो, पुढच्याचा नाही.
स्वभावच तसला."

बाब म्हंजे दार. अरबांकडं नुसतं दार,
घराचं, गावाचं.
इराणात पुस्तकात शिरलं, प्रकरण झालं.
उर्दूत बी तेच.
तुमच्याकडं आलं अन् दप्तरात नोकरीला लागलं.

मी कागद जरा लांब धरला.
एक फळी चौकटीला, दुसरी किलकिली.

पुढं पंधरवडाभर रकाना सरळ भरता येईना.
दार: सूत. दार: डिझेल.
दार: वाइंडिंगच्या बायकांची हजेरी,
ज्या सव्वाआठला मागच्या गेटातनं येतात.
दार: चहा, सतरा कप.
पेपरात वाचलं, ही अत्यंत गंभीर बाब आहे,
आणि वाटलं, मग ठोठावा की कुणीतरी.

गेल्या वर्षी शेठच्या पोरानं संगणक आणला.
वह्या बंद. मुनाफच्या शेवटच्या बारांचे
तेराशे वीस राहिले होते.
पोरगा म्हणाला, किरकोळ बाब आहे, निकालात काढा.

दिवाळीआधी त्याची मुलगी आली, तस्कीन,
घामानं मऊ झालेली पावती घेऊन.
अब्बा जूनमध्ये गेले.
चपला काढून उंबऱ्याबाहेरच उभी.
आत ये म्हटलं. नको म्हणाली.

जुन्या वहीचं शेवटचं पान उघडलं.
तारीख घातली. नावे तेराशे वीस.
दुसऱ्या रकान्यात पेन अडलं.
मग उजवीकडून सुरुवात केली, जमेल तशी:
होडी, ठिपका, काठी.
दुसरी होडी फारच लांब पडली.

तस्कीननं मान लांब करून पाहिलं.
"लईच फाकलं," म्हणाली,
आणि पैसे मोजून घ्यायला आत आली.