बांगडो

पप्पांच्या तोंडातले सगळे शब्द गेले
आणि एकच मागे राहिला.

नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी
होडी लोटायला माणसं जमली होती,
दोराला हात घालता घालता त्यांचा उजवा हात सुटला,
मग ओठ, मग ते सगळेच वाळूत बसले,
कुणी बसा म्हटल्यासारखे.
ओरोसच्या इस्पितळात तेरा दिवस.
चौदाव्या दिवशी आईने विचारलं, पाणी हवं?
ते म्हणाले, बांगडो.
उशी उंच करू? बांगडो.
मी कोण, सांगा बघू?
त्यांनी माझ्याकडे खूप वेळ पाहिलं,
डोळे भरले,
म्हणाले, बांगडो.

होडी देवगडच्या माणसाने नेली.
जाळी अजून पडवीत आहेत, उंदीर त्यांच्या गाठी मोजतात.
सोसायटीचा माणूस मंगळवारी येतो, चहा घेत नाही,
म्हणजे मनाने चांगला असावा.
आईच्या कानांतल्या कुड्या गेल्या,
भोकं बुजू नयेत म्हणून ती हिराच्या काड्या घालते
आणि मिस्साला जाते, पदर नीट करून,
जणू सध्या काड्यांचीच फॅशन आहे.

तुला खरं सांगते, सायबा,
त्या दिवसांत मी तुझ्याशी बोलत नव्हते.
संध्याकाळी तेर्साला बसायचे ते आईच्या धाकाने.
मेणबत्ती अर्धी कापून लावायचो.
अर्धी प्रार्थना आईची, उरलेली आमची,
आजोबांच्या वेळेपासून हे असंच,
आणि पप्पा आमच्या बाजूला, खुर्चीत, मान कलती.
आई थांबली की आम्ही सुरू,
आम्ही थांबलो की अर्धा श्वास उशिरा
पप्पा: बांगडो.
आमेनच्या जागी. आमेनच्याच सुरात.

पहिल्या रात्री कुणी वर पाहिलं नाही.
दुसऱ्या रात्री सांतानचे खांदे हलायला लागले.
तिसऱ्या रात्री, काट्यांच्या मुकुटापाशी,
आईच फुटली.
तोंडात पदर कोंबून हसली, मणी हातातून सुटले,
सांतान जमिनीवर आडवा, मी भिंत धरलेली,
आणि पप्पा, ज्यांच्या ओठाचा एकच कोपरा वर जातो,
ते आम्हाला आणखी हसवायला मुद्दाम म्हणाले,
बांगडो. बांगडो. बांगडो.
शेजारचा तुळाजी बॅटरी घेऊन धावत आला.
त्याला वाटलं, गेले.

हे काय होतं, मला अजून कळत नाही.
दुःख काही कमी झालं नाही.
मंगळवार मंगळवारीच येतो.
पण त्या रात्री कितीतरी दिवसांनी भूक लागली,
आम्ही सुका पेडवा भाजला,
पेजेचं भांडं बोटांनी पुसून घेतलं.
आणि दुसऱ्या दिवसापासून आई थांबू लागली,
प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी तेवढी जागा ठेवू लागली,
उशिरा येणाऱ्या माणसाचं ताट झाकून ठेवावं तशी.
आमचा तेर्स आता पाऊण तासाचा झाला आहे.

नाताळच्या मध्यरात्री त्यांना खुर्चीसकट इगर्जीत नेलं.
पुढचे पाय सांतानने धरले, मागचे तुळाजीने,
तो दारापाशीच चपला सांभाळत उभा राहिला.
पाद्री मिनीन वेदीवरून खाली आले,
म्हणाले, ख्रिस्ताचं शरीर.
आईने डोळे मिटून घेतले.
पप्पांनी मान सरळ करायचा प्रयत्न केला,
आणि अख्ख्या इगर्जीला ऐकू जाईल असं,
स्पष्ट,
बांगडो.

पाद्री थांबले. त्यांचा बाप आचऱ्याचा, रापणीवरचा.
आमेन, तेच हळू म्हणाले,
आणि जिभेवर ठेवलं.

परतताना ओहोटी होती, काठ लांबवर उघडा.
तूही एकदा पहाटे अशाच काठावर निखारे फुलवलेस,
रात्रभर रिकामं जाळं ओढलेल्यांना हाक मारलीस,
या, जेवा म्हणालास,
आणि मासे भाजत बसला होतास.
कुठले मासे,
ते कुणी लिहून ठेवलं नाही.
पप्पांना माहीत असावं.