के, ए, टी, एल, ए

तलावाच्या पाळीवर मच्छीमार संस्थेची खोली.
खोलीत बर्फाची पेटी, तोलकाटा,
आणि नागपूरच्या कुठल्याशा बँकेनं टाकून दिलेला संगणक.
त्यात लिनक्स मीच घातलं, तीन वर्षं झाली,
फुकट होतं म्हणून
आणि त्या म्हाताऱ्या डब्याला दुसरं काही झेपेना म्हणून.
जुना सचिव पुण्याला निघून गेला तेव्हा
खातं फुलवंताबाईंच्या नावानं केलं,
परवलीचा शब्द त्याचाच ठेवला.

पहाटे डोंगे काठाला लागतात
आणि नेमकी तेव्हाच लाइन जाते.
परत येते तेव्हा पडदा विचारतो, कोण?
फुलवंताबाई मारबते, हिशेबनीस,
हात कोपरापर्यंत ओले, बोटांना खवले चिकटलेले,
खिडकीकडे तोंड करून ओरडतात,
"सांगा रे पोट्टेहो!"
आणि गजांना लटकलेली पाच-सहा पोरं
पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असं गुपित फोडतात:
के! ए! टी! एल! ए!
एक अक्षर, एक बोट, एक ओला ठसा.

कतला.
सचिवाला वाटलं असेल, कोणाला सुचणार?
जणू ढिवरांच्या गावात
कोणी माशाचं नावच घेत नाही.

"कायले इचारते गा थो रोज, कोन हावो मून?"
बाई मला म्हणाल्या.
"माह्या सासऱ्यानं बी एकदाच इचारलं होतं."

म्हणून रविवारी साकोलीहून मोटरसायकलवर आलो.
काळी चौकट उघडली, तिच्यातून एक फाइल.
थेट आत घ्यायची सोय ज्या ओळीत असते
तिच्यापुढे एक हॅश असतो,
तो आहे तोवर ओळ झोपलेली.
बाई माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होत्या.
"हे तं जाळ्याचं एक घर हाये."
खरंच की. दोन उभे दोरे, दोन आडवे,
आणि त्यामागे अडकलेली ओळ.
मी घर पुसलं.
बरोबरच्या चिन्हापुढे त्यांचं नाव लिहिलं,
इंग्रजीत, सगळी अक्षरं लहान.
चहा निवायच्या आत काम झालं.

सांगणं भाग होतं म्हणून सांगितलं,
आता जो कोणी इथं बसेल
तो तुमच्या नावानं बसेल, बाई.
त्या काट्याचं पारडं पुसत होत्या.
"बसू दे. माह्यासारखी बेरीज करंल का थो?"

मग मीच मुद्दाम बटण बंद केलं, चालू केलं.
काळा पडदा, दोन ओळी सरकल्या,
आणि कोणी काही न विचारता
समोर हिरवा डोंगर, कोपऱ्यात हिशेबाची वही.
खिडकीत एकदम शांतता.
वलथऱ्यांची चार वर्षांची कुंदा
'के'साठी उघडलेलं तोंड तसंच ठेवून बघत राहिली.
इंग्रजीतली तिला तेवढीच अक्षरं येत होती,
त्यातही 'ए' दोनदा.

बाईंनी बाजारभाव पाहायला ब्राउझर उघडला
आणि मधोमध एक लहानशी चौकट आली:
किल्ल्यांची पेटी बंद आहे, परवलीचा शब्द द्या.

मला ठाऊक होतं हे.
दार सताड उघडं टाकलं
तरी आतली पेटी आपलं कुलूप सोडत नाही.
तिचाही शब्द रिकामा करता येतो,
दोन मिनिटं लागतात,
ती माझ्याकडे होती.

"हे कायचं आलं आता?" बाई.
"राहू द्या," म्हणालो, "एवढं एक राहू द्या,"
आणि स्क्रू ड्रायव्हर पिशवीत टाकला,
जो आज कशालाच लागला नव्हता.

बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं,
मग खिडकीकडे.
कुंदानं एकटीनंच सुरू केलं,
'टी'पाशी बाकीचे आले,
शेवटचा 'ए' लांबत लांबत पाण्यावर गेला.

पेटी उघडली.
गोंदियाला कतला, किलोला एकशे चाळीस.